हल्ला आणि त्याचे उत्तर : चाहत्यांनी चालवलेल्या पोकेमॉन लढतींतील नियमसंतुलन

प्रस्तावना

पोकेमॉन हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या जोड-आवृत्त्यांच्या रूपाने निन्टेन्डोच्या गेम बॉय यंत्रासाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा सातोशी ताजिरी यांनी स्थापन केलेल्या गेम फ्रीक या संस्थेने त्यात मुख्यतः एका प्रवासाची रचना केली होती. रानावनांतून प्राणी पकडावेत, त्यांना वाढवावे आणि गावोगावच्या प्रतिस्पर्ध्यांना हरवत पुढे जावे, असा तो प्रवास होता. दोन यंत्रे तारेने जोडून दोन मित्रांनी आपापले प्राणी लढवण्याची सोय त्यात पहिल्यापासून होती. परंतु १५१ प्राण्यांपैकी कोण बलवान असावा आणि कोण दुबळा राहावा, हे बव्हंशी प्रवासाच्या गरजेनुसार ठरले होते. आरंभी भेटणारा किडा दुबळाच असायला हवा आणि अखेरीस गुहेत सापडणारा प्राणी दुर्जय वाटायला हवा, ही कथेची मागणी होती. दोन समबुद्धी खेळाडूंमधील स्पर्धेची मागणी नेमकी याच्या उलट असते, आणि या दोन मागण्यांमधील अंतर भरून काढण्याचे काम पुढे निर्मात्यांइतकेच चाहत्यांनीही केले.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय हे चाहत्यांचे काम आहे. २००४ मध्ये स्थापन झालेला स्मोगॉन हा खेळाडूंचा समुदाय आणि २०११ मध्ये ग्वांगकाँग लुओ यांनी सुरू केलेले पोकेमॉन शोडाउन हे लढतीचे मुक्त-स्रोत अनुकरणयंत्र ही या कामाची आजची मुख्य केंद्रे आहेत. शोडाउनवर खेळाडूला प्राणी पकडावे किंवा वाढवावे लागत नाहीत. सहा प्राण्यांचा संघ काही मिनिटांत लिहून काढता येतो आणि लगेच लढत सुरू होते. त्यापूर्वी नेटबॅटल, शॉडी बॅटल आणि पोकेमॉन ऑनलाइन या प्रणालींनी हेच काम केले होते. या साऱ्या उपक्रमांत सोय चाहत्यांची असली तरी हल्ले मूळ निर्मात्यांचेच असतात, आणि या ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न त्यातून उद्भवतो : ज्यांना हल्ल्याचा एक आकडाही बदलण्याची मुभा नाही, त्यांनी हल्ल्यांचे संतुलन कसे राखावे?

मराठी वाचकाला पोकेमॉन बहुधा दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे किंवा मोबाइलवरील पोकेमॉन गो या खेळामुळे परिचित असतो; लढतीचे नियम मात्र त्याहून पुष्कळ काटेकोर आहेत, म्हणून त्यांची थोडक्यात ओळख करून देणे आवश्यक आहे. चाहत्यांमध्ये रूढ असलेल्या एकास-एक लढतीत प्रत्येक खेळाडूकडे सहा प्राणी असतात आणि प्रत्येक प्राण्याला जास्तीत जास्त चार चाली येतात. प्रत्येक फेरीत दोन्ही खेळाडू आपला निर्णय एकमेकांना न कळू देता घेतात : मैदानातील आपल्या प्राण्याकडून एखादी चाल करवून घ्यायची, किंवा त्याला मागे घेऊन दुसरा प्राणी मैदानात आणायचा. बुद्धिबळात दोन्ही बाजूंची सेना सारखी असते आणि डाव उघडपणे मांडलेला असतो. येथे सेना निवडण्यापासूनच स्पर्धा सुरू होते, आणि प्रत्येक निर्णय प्रतिस्पर्ध्याच्या त्याच क्षणीच्या, न दिसणाऱ्या निर्णयावर अवलंबून असतो. प्रत्येक चालीला आणि प्राण्याला अग्नी, जल, विद्युत असा एक टाइप असतो, प्राण्याला एकाच वेळी दोनही असू शकतात. खेळाच्या नव्या आवृत्त्यांच्या प्रत्येक संचाला पिढी म्हणतात; पहिल्या पिढीत असे १५ टाइप होते, १९९९ मध्ये त्यांत पोलाद व अंधार या दोहोंची आणि २०१३ मध्ये परी या टाइपची भर पडून आज ते १८ आहेत. एका टाइपचा हल्ला दुसऱ्यावर दुप्पट, निमपट, नेहमीइतका किंवा शून्य परिणाम करतो, आणि दोन टाइप असलेल्या प्राण्याच्या बाबतीत हे गुणक एकमेकांशी गुणले जाऊन चौपट किंवा पावपट हानीही संभवते.

हानी मोजण्याचे सूत्र दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. प्राण्याच्या पातळीवरून मिळणारा एक अंक चालीच्या बळाने आणि हल्ला व बचाव यांच्या गुणोत्तराने गुणला जातो, त्याला ५० ने भागून २ मिळवले जातात, आणि मग त्यावर गुणक लागतात : प्राण्याचा व चालीचा टाइप एकच असेल तर दीडपट, टाइपांच्या संबंधानुसार दुप्पट वा निमपट, आणि ८५ ते १०० टक्क्यांमधील सोळा समान शक्यतांपैकी दैवाने निवडलेली एक. समजा, पातळी १०० आहे, हल्ला आणि बचाव सारखे आहेत, टाइप जुळतो, परिणाम दुप्पट आहे आणि निर्णायक फटका (दैवाने लागणारा, जास्त हानीचा फटका) बसलेला नाही. तेव्हा ९० बळाच्या चालीने होणारी हानी जास्तीत जास्त २३० असते, म्हणजे २४० प्राणांक (बाद होण्यापूर्वी सोसता येणारी हानी) असलेला प्रतिस्पर्धी कोणत्याही परिस्थितीत एक हल्ला सोसून उभा राहतो. तीच चाल १०० बळाची केली, तर कमाल हानी २५८ होते आणि सोळांपैकी सात शक्यतांमध्ये तो प्रतिस्पर्धी पहिल्याच फटक्यात बाद होतो. बळ वाढले केवळ एक नवमांशाने. पण एका फटक्यात बाद होण्याची शक्यता शून्यावरून सुमारे ४४ टक्क्यांवर गेली. हल्ल्याचे मूल्य त्याच्या आकड्याच्या प्रमाणात हळूहळू वाढत नाही, ते उंबरठे ओलांडत वाढते, आणि संतुलनाच्या चर्चेत ‘फक्त दहाचा फरक’ हा युक्तिवाद का टिकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

हीच बाब अचूकतेलाही लागू आहे. फ्लेमथ्रोअर या अग्निचालीचे बळ ९० असून ती सहसा चुकत नाही. फायर ब्लास्टचे बळ ११० आहे, परंतु तिची अचूकता ८५ टक्के आहे. सरासरी काढली तर दुसरीचे मूल्य ९३.५ भरते, म्हणजे कागदावर ती किंचित सरस ठरते. प्रत्यक्षात निवड या सरासरीवरून होत नाही. एखादा विशिष्ट प्रतिस्पर्धी ११० बळाने बाद होतो व ९० बळाने वाचतो का, हा पहिला प्रश्न असतो, आणि ती चाल हुकल्यास संपूर्ण लढत हातची जाईल का, हा दुसरा. दोन चालींचे संतुलन साधले आहे असे म्हणण्यासाठी त्यांची सरासरी जुळणे पुरेसे नाही. दोन्ही चाली निवडण्यामागे विचारी खेळाडूला वेगवेगळी, पण खरीखुरी कारणे असावी लागतात.

निर्मात्यांना या गोष्टींची जाणीव हळूहळू होत गेली आणि त्यांनी केलेल्या दुरुस्त्या हा या विषयाचा पूर्वार्ध आहे. पहिल्या पिढीत निर्णायक फटका बसण्याची शक्यता प्राण्याच्या मूळ वेगाशी बांधलेली होती, त्यामुळे ११० वेगाच्या टॉरोसला दर पाच हल्ल्यांमागे सुमारे एकदा तो लाभ मिळे आणि मंद प्राणी दुहेरी तोट्यात जात. मनोबलाच्या टाइपविरुद्ध भुताचा टाइप प्रभावी ठरावा असा संकेत खेळातच दिलेला असताना, आज्ञावलीतील चुकीमुळे त्या हल्ल्याचा परिणाम शून्य होई, आणि मनोबलाच्या टाइपला रोखणारे जवळजवळ कोणीच उरले नव्हते. दुसऱ्या पिढीने ‘विशेष’ या एकाच क्षमतेचे विशेष हल्ला व विशेष बचाव असे दोन भाग केले आणि पोलाद व अंधार हे टाइप आणून मनोबलाला लगाम घातला. सर्वांत दूरगामी बदल २००६ च्या चौथ्या पिढीत झाला. तोवर चाल शारीरिक आहे की विशेष, हे तिच्या टाइपवरून ठरत असे. जलाच्या सर्व चाली विशेष मानल्या जात, त्यामुळे शारीरिक हल्ल्यात प्रबळ असलेल्या ग्यॅराडॉसला स्वतःच्याच टाइपच्या चाली नीट वापरता येत नसत. चौथ्या पिढीने हे वर्गीकरण प्रत्येक चालीसाठी स्वतंत्रपणे केले. ग्यॅराडॉसच्या अंगच्या आकड्यांना कोणी हात लावला नाही, तरी तो प्राणी जणू नव्याने घडला. बळाच्या आकड्यांपेक्षा नियमांची चौकटच अधिक ताकदवान असते, हा धडा चाहत्यांच्या कामालाही तंतोतंत लागू पडतो.

चाहत्यांनी स्वतःवर घालून घेतलेले पहिले बंधन म्हणजे मूळ खेळाशी निष्ठा. शोडाउनवरील मुख्य लढतींमध्ये चालीचे बळ, अचूकता किंवा परिणाम बदलले जात नाहीत. मूळ यंत्रावर जे घडेल तेच येथे घडावे, अशी अपेक्षा असते. यामागील कारण व्यावहारिक आहे. आकडे बदलण्याची एकदा मुभा घेतली की प्रत्येक गटाचा आपला वेगळा खेळ तयार होईल आणि कोणता आकडा योग्य यावर कधीच एकमत होणार नाही. आकडे पवित्र मानले, तर वाद फक्त प्रवेशाचा उरतो. म्हणून चाहत्यांकडे मुख्यतः दोनच साधने राहतात : बंदी, म्हणजे एखादा प्राणी, चाल, वस्तू किंवा अंगभूत गुण लढतीबाहेर ठेवणे, आणि क्लॉज, म्हणजे दोन्ही खेळाडूंनी पाळायचा सर्वसाधारण निर्बंध.

क्लॉजांपैकी सर्वांत जुने निर्बंध दैवाविषयीचे आहेत. फिशर, गिलोटिन, हॉर्न ड्रिल आणि शीअर कोल्ड या चाली लागल्या की प्रतिस्पर्धी एका फटक्यात बाद होतो आणि समान पातळीवर त्यांची अचूकता सहसा ३० टक्के असते. तीन वेळा प्रयत्न केला तर निदान एकदा यश मिळण्याची शक्यता जवळजवळ ६६ टक्के होते. ही शक्यता प्रचंड नाही, आणि अशा चाली घेऊन लढणारा खेळाडू दीर्घकाळात फार जिंकेलच असेही नाही. तरीही त्यांच्यावर बंदी आहे, कारण त्या चालींपुढे प्राण्याचा बचाव, वाढवलेले प्राणांक आणि बहुतेक वेळा संघरचनेचा विचार यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. डबल टीम व मिनिमाइझ या चालींनी हल्ला चुकवण्याची क्षमता सहा पायऱ्यांनी वाढवली, तर प्रतिस्पर्ध्याची अचूकता एक-तृतीयांशावर येते आणि दोन्ही बाजूंचे निर्णय फाशांपुढे गौण ठरतात, म्हणून त्याही वर्ज्य आहेत. येथे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन मांडणे योग्य ठरेल : संतुलित हल्ला म्हणजे इतर हल्ल्यांइतकाच प्रबळ हल्ला नव्हे, तर ज्याला उत्तर आहे असा हल्ला, आणि ते उत्तर प्रतिस्पर्ध्याने घेतलेल्या निर्णयातून यावे लागते, दैवाच्या कृपेतून आलेले उत्तर हिशेबात धरता येत नाही.

निद्रेचा क्लॉज या तत्त्वाची आणि मूळ खेळाशी निष्ठेची टक्कर दाखवतो. एका प्रतिस्पर्धी प्राण्याला झोपवल्यावर तो झोपेत असेपर्यंत दुसऱ्याला झोपवू नये, असा हा नियम आहे. परंतु मूळ यंत्रावर खेळाडूला तसे करण्यापासून कोणी रोखत नाही. शोडाउनवर मात्र दुसरी निद्राचाल आज्ञावलीनेच निष्फळ ठरवली जाते, म्हणजे आकडे न बदलण्याच्या व्रताला येथे उघड अपवाद केलेला आहे. पिढ्यानपिढ्या चाललेल्या या तडजोडीवर आक्षेप येत राहिले, आणि नवव्या पिढीच्या मुख्य श्रेणीत (श्रेणींविषयी पुढे) २०२४ मध्ये निद्राचालींवरच बंदी आली. जुनी तडजोड मूळ खेळात न बसणारी होती. नवी बंदी अधिक कठोर असूनही मूळ खेळात बसणारी आहे. यांपैकी अधिक न्याय्य काय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि ग्रंथात त्याची दोन्ही बाजूंनी चर्चा केली आहे.

बंदीचा विचार श्रेणीव्यवस्थेशिवाय करता येत नाही. श्रेणी म्हणजे कोणते प्राणी कोणत्या लढतीत चालतील याची उतरंड. सर्वांत वर, जवळजवळ सर्वांना मुक्तद्वार असलेली लढत, तिच्याखाली अतिबलवानांची उबर्स ही श्रेणी आणि त्याखाली ओव्हरयूज्ड ही मुख्य श्रेणी, मग अंडरयूज्ड व त्यापुढील श्रेणी अशी तिची रचना आहे. मुख्य श्रेणीतील स्थान प्रत्यक्ष वापरावरून ठरते, हा या व्यवस्थेचा चतुर भाग. साधारण कुशल खेळाडूला वीस लढतींमध्ये निदान एकदा एखादा प्राणी भेटण्याची शक्यता अर्धी असेल, तर तो त्या श्रेणीचा मानला जाई. हे प्रमाण प्रत्येक लढतीमागे ३.४१ टक्के येते. पुढे वीसऐवजी पंधरा लढती धरून ते ४.५२ टक्के करण्यात आले. यातून हेही ध्यानात येते की खालची श्रेणी म्हणजे दुबळ्यांचा वाडा नव्हे. ती कमी वापरल्या गेलेल्यांची आहे, आणि वरच्या श्रेणीतील एका बलवान हल्लेखोरामुळे झाकोळलेला प्राणी खाली येऊन तिथला अग्रणी ठरू शकतो. एका श्रेणीतील बंदी म्हणूनच खालच्या सर्व श्रेणींपर्यंत पोहोचते.

वापर मोजणे सोपे आहे. कशावर बंदी घालावी हे ठरवणे अवघड. पाचव्या पिढीत ब्लेझिकेनला दर फेरीत वेग वाढवणारा अंगभूत गुण मिळाला आणि तो मुख्य श्रेणीबाहेर गेला. दोष प्राण्याचा की गुणाचा, हा वाद त्या वेळी झाला. तो गुण इतर प्राण्यांकडे निरुपद्रवी असल्यामुळे बंदी प्राण्यावर आली. उलट, दर फेरीत एक क्षमता दोन पायऱ्यांनी वाढवून दुसरी एका पायरीने घटवणारा मूडी हा गुण ज्याच्याकडे जाईल त्याला दैवाधीन बनवतो, म्हणून तेथे गुणच वर्ज्य ठरला. तिसरा प्रकार संयोगाचा आहे. त्याच पिढीत ड्रिझल या गुणाने मैदानावर येताच न थांबणारा पाऊस सुरू होई आणि स्विफ्ट स्विम या गुणाने पावसात वेग दुप्पट होई. हे दोन्ही गुण स्वतंत्रपणे सुसह्य, एकत्र असह्य. २०११ मध्ये मुख्य श्रेणीत हे दोन्ही एकाच संघात असण्यावर बंदी आली. या निर्णयाने पाऊस वाचला. पण संयोगांवर बंदी घालण्याचे दार एकदा उघडले की ते कोठे बंद करावे, ही चिंता तेव्हापासून कायम आहे. पुढील पिढीत निर्मात्यांनीच गुणाने येणारे हवामान सहसा पाच फेऱ्यांपुरते मर्यादित केले. चाहत्यांना जे प्रवेशाच्या नियमाने साधावे लागले होते, ते त्यांनी परिणाम बदलून साधले.

हल्ल्याला उत्तर आहे का, या निकषाने न घातलेल्या बंदीकडेही पाहावे लागते. चौथ्या पिढीत आलेली स्टेल्थ रॉक ही चाल प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला धारदार खडक पसरवते आणि मैदानात येणाऱ्या प्रत्येक प्राण्याची, खडकाच्या टाइपशी त्याच्या संबंधानुसार, हानी करते. नेहमीचे प्रमाण एक-अष्टमांश आहे. अग्नी व उड्डाण हे दोन्ही टाइप असलेल्या चारिझार्डला मात्र मैदानात पाऊल टाकताच निम्मे प्राणांक गमवावे लागतात. या एका चालीने कित्येक प्राण्यांचे स्पर्धात्मक मूल्य ठरवले आणि ती जवळजवळ प्रत्येक संघात आली, तरीही तिच्यावर बंदी आली नाही. खडक हटवणाऱ्या चाली उपलब्ध होत्या, ते पसरवणाऱ्याला रोखता येत होते, आणि पुनःपुन्हा प्राणी बदलून वेळ काढणाऱ्या खेळाला त्या खडकांनी किंमत लावली, असा पक्ष टिकून राहिला. सार्वत्रिकता म्हणजे असंतुलन नव्हे, हा विवेक येथे दिसतो. २०१९ मध्ये या खडकांपासून संरक्षण देणारे बूट वस्तुरूपाने आले, तेव्हा उत्तरांत आणखी एकाची भर पडली.

त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला आलेल्या आठव्या पिढीतील डायनामॅक्स या यंत्रणेची कथा याच्या उलट आहे. कोणताही प्राणी लढतीत एकदा, तीन फेऱ्यांसाठी, दुपटीपर्यंत प्राणांक आणि सहसा न हुकणारे, वर आणखी परिणाम घडवणारे हल्ले मिळवू शके. तो क्षण केव्हा व कोणत्या प्राण्यासाठी येईल हे आधी ओळखणे फार कठीण होते, आणि एकास-एक लढतीत त्याला पुरेसे उत्तर नव्हते. मुख्य श्रेणीत डिसेंबर २०१९ मध्येच त्यावर बंदी आली. निर्मात्यांच्या अधिकृत स्पर्धांमध्ये मात्र प्रत्येक बाजूने एकाच वेळी दोन प्राणी लढतात. तेथे दोघांनी मिळून एका राक्षसाला रोखता येते, आणि तीच यंत्रणा तेथे खेळाचा कणा बनली. हल्ला संतुलित आहे का, हा प्रश्न कोणत्या लढतीत हे सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतो.

या निर्णयांना मान्यता कोठून मिळते, हा ग्रंथाचा उत्तरार्ध आहे. उघडच असह्य अशा गोष्टींवर अनुभवी खेळाडूंचे छोटे मंडळ तातडीने बंदी घालते. वादग्रस्त बाबतीत सस्पेक्ट टेस्ट, म्हणजे संशयिताची चाचणी, घेतली जाते. ठरावीक काळात क्रमवारीच्या लढती खेळून अपेक्षित दर्जा गाठणाऱ्यालाच मताधिकार मिळतो, आणि बंदीसाठी साध्या बहुमताऐवजी साधारणपणे ६० टक्के मते लागतात, कारण मूळ खेळात असलेली गोष्ट काढून टाकण्याचा भार काढणाऱ्यावर असावा असे मानले जाते. या पद्धतीवरील आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. मताधिकार मिळवणारा खेळाडू बहुधा त्याच वादग्रस्त हल्ल्याच्या बळावर तो मिळवतो. आणि निपुण खेळाडूला जे सहज परतवता येते ते नवख्याला चिरडून टाकणारे असते. कोणाच्या पातळीवरचे संतुलन खरे, हे मतपेटी ठरवू शकत नाही.

अखेरीस, आकडे बदलण्याची मुभा मिळाली तर चाहते काय करतात, याचे उत्तर २००७ पासून चालू असलेल्या क्रिएट-अ-पोकेमॉन या उपक्रमात मिळते. सिक्लंट या हिम व कीटक टाइपच्या प्राण्यापासून सुरू झालेल्या या उपक्रमात नवे प्राणी सामूहिक चर्चेने आणि मतदानाने घडवले जातात. काहींसाठी पॅलिओ वेव्ह आणि शॅडो स्ट्राइक यांसारख्या नव्या चालीही रचल्या गेल्या. तेथे रूढ झालेला क्रम बोधप्रद आहे : प्राण्याने खेळात कोणती भूमिका बजावावी ही संकल्पना आधी, मग टाइप, गुण आणि आकडे, आणि चालींची पूर्ण यादी सर्वांत शेवटी. चाली अखेरीस ठेवण्यामागे जाणीव अशी की उत्तम आकड्यांचा प्राणीही एका चालीच्या अभावी आटोक्यात राहतो आणि सामान्य प्राणी एका चालीने बेबंद होतो. मोकळीक मिळाल्यावरही चाहत्यांनी सर्वाधिक संयम हल्ले वाटतानाच दाखवला, ही गोष्ट निष्ठेच्या व्रतातून शिकलेल्या शिस्तीची साक्ष देते.

ग्रंथाची मांडणी या क्रमानेच आहे : सूत्र व उंबरठे, निर्मात्यांच्या दुरुस्त्या, क्लॉज, श्रेणी, बंदीची प्रकरणे, निर्णयपद्धती आणि शेवटी नवनिर्मिती. गणिताची जाण शालेय पातळीची असली तरी पुरेशी आहे, आणि खेळ कधी न खेळलेल्या वाचकालाही प्रकरणे समजावीत अशी रचना आहे. ज्याला अशा स्पर्धा चालवायच्या आहेत, त्याला तयार नियमावली येथे मिळणार नाही, कारण प्रत्येक नवी पिढी जुनी नियमावली मोडीत काढते. प्रत्येक वादग्रस्त हल्ल्याबद्दल आधी विचारावयाचे प्रश्न मात्र मिळतील : त्याला कोणती उत्तरे आहेत, ती देण्यासाठी संघातील किती जागा खर्च होतात, आणि ती दिल्यावर लढत निर्णयाने जिंकली जाते की फाशाने. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मोजता येतात. तिसऱ्याचे उत्तर लढणाऱ्यांनाच द्यावे लागते, आणि म्हणूनच हा खेळ चालवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला, हे समजण्याजोगे आहे.